एडनचे जहाज

कंधारच्या भुईकोट किल्ल्यात शिरताना प्रथम आडवा येतो तो खंदक. कडेला शेवाळ धरलेला, दगडी बांधणीत कुठे पिंपळ रुजलेला. राष्ट्रकूटांपासून आसफजाही अमदानीपर्यंत या मुलखावर ज्या ज्या सत्तांचा अंमल बसला, त्यांच्या चाकरीत दूरदेशीचा सैनिक ही काही नवलाची गोष्ट नव्हती. निजामाच्या राज्यात हे काम विशेषेकरून हद्रमौताहून आलेल्या अरबांकडे आले. कमरेला जंबिया लावलेले हे अरब पहाऱ्याला बसत, वसुलीला जात, आणि सावकारी करून ऋणको खुशाल आपल्याच कैदेत डांबून ठेवीत. 1853 साली दिवाणगिरीवर आलेल्या पहिल्या सालारजंगाचा बराच काळ त्यांची ही परस्पर न्यायदानाची वहिवाट मोडण्यात खर्ची पडला. त्यांच्यातलाच उमर बिन अवद अल-कुऐती हा जमादार इतका सधन झाला, की त्याच्या घराण्याने दक्षिणेत मिळवलेल्या पैशाच्या बळावर हद्रमौतात सल्तनत उभी केली.

अशा समाजाविषयी रयतेला ममत्व नसावे, हे स्वाभाविकच होते. त्यातून निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा काळ आला. रझाकारांशी झुंजलेल्या कल्हाळीच्या गढीची आठवण ज्या कंधार तालुक्यात अजून ताजी आहे, तेथे गुन्हेगारांविषयी शांतपणे लिहा असे सांगणारा मनुष्य मला थोडा उपरा वाटतो, आणि हे मी स्वतःलाही सांगून ठेवतो.

सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर हैदराबाद संस्थानात हजारो अरब स्थानबद्ध झाले आणि त्यांना समुद्रापार धाडण्याचा विचार सुरू झाला. प्रत्येकावर आरोप ठेवावा, पुरावा घ्यावा, मग शिक्षा द्यावी, असा हा मार्ग नव्हता. अरब असणे हीच मुख्य बाब. पण अरब तरी कोण? कित्येकांचा जन्म दक्षिणेतला, माता येथल्या. अशा मिश्र संततीला खुद्द अरब ‘मुवल्लद’ म्हणत. आपल्या बापाचे गाव त्यांनी केवळ ऐकलेले. एडनच्या इंग्रज अधिकाऱ्यांना हा भार नको होता, आणि हद्रमौतात तर त्याच सुमारास दुष्काळ. नागरिक कोण हे ठरवणारी राज्यघटनेची कलमेही अद्याप अमलात आलेली नव्हती. ती आली 26 नोव्हेंबर 1949 ला. तोवर स्वदेशी-परदेशी हा निवाडा छावणीच्या दफ्तरात होत होता. पुढे पुष्कळांची सुटका झाली, आणि हैदराबादेतील बारकस ही अरबांची वस्ती आजही नांदते आहे.

आता या अरबांच्या शेजारी कासीम रझवी ठेवून पाहावा. उत्तरेकडून आलेला, अलीगढला शिकलेला, लातूरच्या कचेरीत वकिली करणारा हा गृहस्थ रझाकारांचा सर्वेसर्वा. याच्यावर मात्र रीतसर खटले चालले, साक्षी झाल्या, अपिले झाली. बीबीनगरच्या दरोड्याच्या प्रकरणात शिक्षा झाली, ती त्याने भोगली, आणि 1957 च्या सप्टेंबरात सुटका होताच तो पाकिस्तानात निघून गेला. तेथेच 1970 साली त्याचा अंत झाला.

गंभीर गुन्हा सिद्ध झालेल्या परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर सरहद्दीपार करावे, याला माझी हरकत नाही. मराठवाड्यातील माणसाची ती क्वचितच असेल. सरकारला तो अधिकार आहेही: 1946 च्या परकीय नागरिक कायद्यासंबंधी हान्स म्युलर या जर्मन इसमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1955 साली परकीयास घालवून देण्याची सरकारची सत्ता निरंकुश ठरवली, आणि त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला आहे. माझी शंका अधिकाराविषयी नाहीच. सत्ता जितकी निरंकुश, तितके ‘हा परकीय आहे काय’ आणि ‘याने काय केले’ हे दोन प्रश्न निरनिराळे ठेवणे अगत्याचे. छावणीत पहिल्याच प्रश्नाने दुसऱ्याचे काम उरकून टाकले होते.

रझवी स्वतः वकील. आपल्यावरचे आरोपपत्र कलमानिशी वाचून त्याचे उत्तर देणे त्याला शक्य होते. देवडीवर पहारा करण्यात उमर गेलेल्या एखाद्या म्हाताऱ्या मुवल्लदाला छावणीत कोणी विचारले असते, की बाबा, तुझ्यावर इल्जाम काय, तर त्याने बहुधा बापाच्या गावाचे नाव सांगितले असते.