दाढेतला चिनी मातीचा तुकडा : फट किती चालेल?

दाढ किडली की आपल्याकडे पहिला उपाय लवंगेचा, दुसरा ‘उद्या बघू’चा आणि शेवटचा पकडीचा. दाढ काढली की ठणका थांबतो खरा. पण भाकरी, ऊस, भाजलेले चणे चावायची सोयही तिच्याबरोबर जाते. म्हणून दाढ वेळेत भरून घ्यावी.

हल्ली शहरातले डॉक्टर संगणकाने घडवलेला चिनी मातीचा तुकडा सुचवतात. त्याला ‘इन्ले’ म्हणतात. आंबिवलीच्या एखाद्या घरातल्या सासूबाई विचारतील, “अगं, यंत्रावर कोरलेला तुकडा माझ्या दाढेत नीट बसेल का?” प्रश्न अगदी रास्त आहे.

ही पद्धत स्वित्झर्लंडमधील झुरिक विद्यापीठात जन्मली. दंतवैद्य मॉरमान आणि अभियंता ब्रँडेस्टिनी यांच्या यंत्रावर 1985 साली पहिला तुकडा घडवून रुग्णाच्या दातात बसवला गेला. लहानसा कॅमेरा दाढेतल्या खड्ड्याचे चित्र घेतो, संगणक माप काढतो आणि हिऱ्याची कणी लावलेले हत्यार तुकडा कोरते.

सुताराने कुऱ्हाडीचा दांडा कितीही मापात तासला तरी शेवटी पाचर लागतेच. इथेही तुकडा आणि दात यांत बारीक फट राहते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. साधारण 100 ते 120 मायक्रॉन, म्हणजे एखाद्या जाड केसाएवढी फट चालते, असे दंतवैद्य मानतात. सुरुवातीच्या यंत्रांची फट याहून मोठी असे. कॅमेरे आणि हत्यारे सुधारली तशी ती कमी झाली.

पण खरी परीक्षा तुकडा चिकटवल्यावर होते. सिमेंटलाही स्वतःची जाडी असते. ते दाट झाले किंवा तुकडा पुरता दाबला गेला नाही, तर तो वर उचललेला राहतो आणि फट वाढते. शिवाय कडेचे सिमेंट चिनी मातीपेक्षा लवकर झिजते. तिथे चर पडतो, अन्न अडकते आणि कीड पुन्हा शिरते. म्हणून दाढ लाळेपासून कोरडी ठेवणे, सिमेंटचा पातळ थर देणे आणि बाहेर आलेले सिमेंट पुसून घेणे, ही डॉक्टरांच्या हाताची कामे यंत्राइतकीच मोलाची आहेत.

घरी आल्यावर आपणही पारख करावी. चावताना तो दात आधी टेकतो का? दातांमधला दोरा कडेला अडकतो किंवा फाटतो का? तिथे अन्न साचते का? तसे असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. मशेरी सोडावी, दोन वेळा दात घासावेत आणि सहा महिन्यांनी तपासून घ्यावे.

हा तुकडा महाग पडतो आणि तो प्रत्येकाला लागतोच असेही नाही. लहान खड्ड्याला दाताच्या रंगाची साधी भर पुरते. दाढ फारच पोखरली असेल तर टोपी लागते. आंबिवलीहून लोकलने सीएसएमटीला उतरले की जवळच सरकारी दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथे दाढ दाखवून सल्ला घ्यावा, मग पैशांचा विचार करावा.

बांधाला पडलेली भेग आपण पावसाआधी बुजवतो. दाढेचेही तसेच आहे. खड्डा लहान असतानाच उठावे.