पाने मोजणारा, नावे मोजणारा वर्ग

अमेरिकेतील हायस्कूलचे इयरबुक म्हणजे एका शालेय वर्षाची छापील, बहुधा जाड पुठ्ठ्याच्या बांधणीतली नोंद. प्रत्येक विद्यार्थ्याचा फोटो, वर्षभरातले सामने, नाटके, नाच, क्लब, वर्गातले दिवस आणि अखेरीस नावांची सूची असा त्यातला ऐवज असतो. आपल्याकडच्या शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिकांकात कविता, लेख आणि प्राचार्यांचे मनोगत असते. इयरबुकात साहित्य जवळजवळ नसतेच. ते वार्तांकनाचे काम आहे. बहुतेक शाळांत त्याला वेळापत्रकात स्वतंत्र तास असतो, त्याचे क्रेडिट मिळते आणि त्याला गुण असतात. पुस्तकाचे सगळे काम मुले करतात. देखरेख करणाऱ्या शिक्षकाला ‘ॲडव्हायझर’ म्हणतात. पान स्वतः जुळवायला बसणारा ॲडव्हायझर या क्षेत्रात कच्चा समजला जातो.

या प्रकाराची सुरुवात महाविद्यालयांतून झाली. येल कॉलेजच्या १८०६ सालच्या पदवीधरांचे पुस्तक हे पहिले मानले जाते. छायाचित्रणाचा शोध तेव्हा लागायचा होता, म्हणून त्यात चेहऱ्यांच्या कडेने कापलेल्या काळ्या छायाकृती होत्या. हायस्कुलांपैकी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हिल येथील १८४५ सालच्या ‘एव्हरग्रीन’ला पहिलेपणाचा मान देतात. पुढे मुले छायाचित्रकाराकडून सुटे फोटो विकत घेऊन ते एकत्र बांधून घेत. फोटो ठिपक्यांत फोडून मजकुराबरोबर छापण्याची हाफटोन पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली, आणि मग गावोगावच्या शाळांना असे पुस्तक परवडू लागले. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबलेल्या मॅन्झनार छावणीतल्या हायस्कूलनेही १९४३–४४ चे इयरबुक काढले. त्याचे नाव होते ‘अवर वर्ल्ड’.

आजच्या वर्गाचे वर्ष खरे तर आदल्या वसंतात सुरू होते. जुने संपादक शाळा सोडण्यापूर्वी नवे निवडले जातात. मुख्य संपादक, विभागांचे संपादक, मजकूर तपासणारा, छायाचित्रकार, जाहिराती आणि विक्री पाहणारा व्यवस्थापक अशी कामे वाटली जातात. मुद्रण कंपन्या उन्हाळ्यात शिबिरे भरवतात आणि संपादक मंडळी तिथे पुस्तकाची ‘थीम’ ठरवून येतात. थीम म्हणजे एक छोटे वाक्य किंवा शब्द आणि त्याला जुळणारे अक्षर, रंग, आकार. ती मुखपृष्ठावर, सुरुवातीच्या पानांवर, विभागांच्या दुभाजक पानांवर आणि समारोपात दिसली पाहिजे असा दंडक आहे. थीमवर जितकी चर्चा होते तितके तिचे महत्त्व वाचकाच्या लेखी नसते. पण शाळेची इमारत पाडून नवी उभी राहत असेल, तर त्या वर्षाची थीम न शोधताच सापडते.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तास सुरू झाले की भिंतीवर किंवा पडद्यावर पहिला कागद लागतो तो ‘लॅडर’चा. पुस्तकातल्या पानांची ही शिडी: डावीकडे सम क्रमांक, उजवीकडे विषम. पहिले पान उजवीकडे एकटे पडते आणि शेवटचे डावीकडे. मधली सगळी पाने समोरासमोरच्या जोड्यांनी आखली जातात, कारण वाचकाला एका वेळी दोन पाने दिसतात. या जोडपानाला सगळे ‘स्प्रेड’ म्हणतात आणि वर्गातली कामेही स्प्रेडनुसारच वाटली जातात.

शिडीला शिस्त येते ती छापखान्याच्या हिशेबातून. आपल्या मुद्रकांच्या भाषेत बोलायचे तर पुस्तक फर्म्यांत छापले जाते, आणि इयरबुकाचा फर्मा सोळा पानी असतो. एका मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ पाने, दुसऱ्या बाजूला आठ. घडी घातली की ती क्रमाने लागतात. पहिल्या फर्म्यात १, ४, ५, ८, ९, १२, १३ आणि १६ ही पाने एका बाजूला येतात, उरलेली पाठीमागे. रंगीत छपाई महाग होती त्या काळात शाळा फर्म्याची एकच बाजू रंगीत घेत. मग नाटकाचा स्प्रेड ४–५ वर आला तर रंगीत, ६–७ वर सरकला तर काळा-पांढरा, अशी गणिते संपादकांना करावी लागत. आता बहुतेक पुस्तके पूर्ण रंगीत असतात, पण सोळाचा पाढा सुटलेला नाही. एक नवा क्लब निघाला म्हणून दोन पाने वाढवता येत नाहीत. ती दुसऱ्या कोणाची तरी कापूनच मिळतात. शिडीवरचे वाद म्हणूनच इतके चुरशीचे होतात. फुटबॉलला सहा पाने आणि वादविवाद मंडळाला अर्धे, हे कशाच्या आधारावर, याचे उत्तर एखाद्या संपादकाला सगळ्या वर्गासमोर द्यावे लागते.

मजकूर गोळा करण्याचे शिक्षण प्रश्न विचारण्यापासून सुरू होते. नवखा वार्ताहर खेळाडूला विचारतो, सामना कसा झाला? उत्तर येते, मस्त. त्यावर काही लिहिता येत नाही. शेवटची दोन मिनिटे बाकावर बसून काढताना काय दिसत होते, असे विचारले की माणूस बोलू लागतो. छायाचित्रणातही असाच सराव लागतो. शाळेच्या व्यायामशाळेतला उजेड डोळ्यांना पुरेसा वाटला तरी कॅमेऱ्याला अपुरा असतो. धावता खेळाडू स्थिर टिपायला शटर सेकंदाचा पाचशेवा भाग इतकेच उघडावे लागते. त्यामुळे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, ३२०० किंवा त्याच्याही वर न्यावा लागतो आणि चित्रात दाणे दिसू लागतात. मोठ्या तोंडाची लेन्स शाळेकडे बहुधा एकच असते आणि तिच्यासाठी नावे नोंदवावी लागतात. पाठमोरी माणसे, कॅमेऱ्याकडे पाहून केलेली दोन बोटांची खूण आणि मित्रांचे घोळके संपादक पहिल्या फेरीतच बाद करतो.

पानाची मांडणी पायकात मोजतात. सहा पायका म्हणजे एक इंच. प्रत्येक स्प्रेडवर एक फोटो इतरांपेक्षा दुपटीहून मोठा हवा आणि बाकीचे त्याच्याभोवती एक पायका अंतराने बसावेत, हा नवशिक्यांना शिकवला जाणारा जुना नियम आहे. चेहरा दोन पानांमधल्या शिवणीत जाता कामा नये. हा नियम न सांगताही कळावा, पण दर वर्षी कोणाचे तरी नाक तिथे अडकते. जुळणी काही शाळा ॲडोबी इनडिझाइनवर करतात, काही मुद्रण कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन प्रणालीवर.

इयरबुकातले सर्वांत कठीण लेखन फोटोओळींचे असते. लेख न वाचणाराही फोटोखालची ओळ वाचतो. वर्गात शिकवली जाणारी रीत अशी: पहिले वाक्य वर्तमानकाळात, फोटोत काय चालले आहे ते सांगणारे, दुसरे भूतकाळात, फोटोत न दिसणारी माहिती देणारे, मग जमल्यास त्याच व्यक्तीचे बोल. मुलगी चेंडू फेकते आहे हे वाचकाला दिसतेच. ती त्या हंगामात दुखापतीनंतर पहिल्यांदा उतरली होती, हे विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून चांगली फोटोओळ लिहिण्यासाठी वर्गातून उठून कोणाला तरी शोधायला जावे लागते, आणि नेमके तेच मुले टाळतात. ‘आनंद लुटताना’ छापाच्या ओळी ॲडव्हायझर निर्दयपणे परत पाठवतो. फोटोत ओळखू येणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि आडनाव हवे, हेही बंधन असते.

नावाचे काम तर वेगळेच. शाळेच्या कार्यालयाची यादी हा प्रमाण पाठ. फोटोंच्या पानांचे मुद्रित आले की दोघे जण बसतात. एक नाव अक्षराक्षराने वाचतो, दुसरा यादीवर खूण करतो. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या शाळांत मराठी, तेलुगू, व्हिएतनामी, स्पॅनिश नावे एकाच पानावर येतात. वर्गमित्र श्रेया आणि श्रिया यांत फरक करत नाहीत, आणि मधले वडिलांचे नाव कार्यालयाच्या यादीत कधी मुलाच्याच नावाला चिकटलेले असते. फोटोच्या दिवशी आणि फेरफोटोच्या दिवशीही गैरहजर राहिलेल्यांची नावे विभागाच्या शेवटी वेगळी छापतात. शाळेने विद्यार्थ्यांची कोणती माहिती प्रसिद्ध करावी, यावर १९७४ च्या केंद्रीय कायद्याने पालकांना हरकतीचा हक्क दिला आहे. ज्यांनी तो वापरला त्यांची यादीही वर्गात जपून ठेवावी लागते आणि प्रत्येक गर्दीच्या फोटोवर ती फिरवावी लागते.

यानंतर येते मोजणी. प्रत्येक पान पूर्ण होताच त्यावरची नावे सूचीत चढतात, त्यामुळे कोण कितीदा आले ते केव्हाही पाहता येते. प्रत्येक विद्यार्थी ओळखपत्रासारख्या फोटोसह किमान तीनदा दिसावा, असे ध्येय बरेच वर्ग ठेवतात. डिसेंबरात सूची उघडली की चित्र ठरलेले असते: खेळाडू, विद्यार्थी मंडळाचे पदाधिकारी आणि संपादकांचे मित्र दहा-दहा वेळा, आणि काही जण त्या फोटोखेरीज एकदाही नाहीत. वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसले तरी चालते, तसाच हा प्रकार. यावर उपाय म्हणून शून्यवाल्यांची यादी काढून वार्ताहरांना वाटतात. शाळेनंतर दुकानात काम करणारा, बसने तासभर प्रवास करणारी, दुपारी ग्रंथालयात बसणारा अशा मुलांसाठी पानांच्या कडेला छोट्या चौकटी राखलेल्या असतात. पुष्कळदा पुस्तकातला वाचनीय मजकूर या चौकटींतच सापडतो, कारण त्यांच्याबद्दल आधी कोणाला काहीच माहीत नसते.

शेवटच्या वर्षाच्या मुलांनी आपल्या फोटोखाली छापायला दिलेली अवतरणे हे संपादकांचे दुखणे. चावट द्व्यर्थ, आद्याक्षरांत दडवलेले शब्द, मूलद्रव्यांच्या चिन्हांतून लिहिलेल्या शिव्या असे सर्व काही त्यात शोधावे लागते. काही शाळांनी याला कंटाळून अवतरणे बंदच केली. छापलेला विनोद किती काळ टिकतो याचे मोठे उदाहरण २०१८ सालचे आहे. सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या ब्रेट कॅव्हनॉ यांना त्यांच्या १९८३ च्या इयरबुकातल्या शब्दांचा अर्थ सिनेटच्या समितीने विचारला.

काय छापावे यावर शेवटचा शब्द कोणाचा, याचे उत्तर राज्याराज्यांत वेगळे आहे. मिसुरीतल्या हेझलवुड येथील शालेय वृत्तपत्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये निर्णय दिला की वाजवी शैक्षणिक कारण असल्यास शाळा आपल्या उपक्रमातला मजकूर रोखू शकते. इयरबुकांनाही तोच निकष लावला जातो. कॅलिफोर्नियासह काही राज्यांनी मात्र विद्यार्थी संपादकांना अधिक संरक्षण देणारे कायदे केले आहेत. महाविद्यालयीन पातळीवर केंटकी स्टेट युनिव्हर्सिटीने १९९४ मध्ये छापून आलेली इयरबुके जप्त केली होती. मुखपृष्ठ विद्यापीठाच्या रंगांऐवजी जांभळे होते, हा एक आक्षेप. २००१ मध्ये अपील न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला.

पाने छापखान्याकडे एकदम जात नाहीत. मुखपृष्ठ लवकर, मग फर्म्यांच्या हिशेबाने तुकड्यातुकड्याने, अशा तारखा करारातच ठरतात. तारीख चुकली की दंड लागतो किंवा पुस्तक उशिरा येते. या धंद्यात मोजक्याच मोठ्या कंपन्या आहेत: १८९७ मध्ये मिनेसोटात सुरू झालेली जॉस्टन्स, वॉल्ट डिस्नेच्या बालपणाच्या मार्सेलीन गावातली वॉल्सवर्थ, शिवाय बाल्फोर. वर्ष संपण्यापूर्वी पुस्तक हातात हवे असेल तर शेवटची पाने हिवाळा सरता सरता जावी लागतात, म्हणजे प्रॉम हा वर्षाअखेरचा नाच आणि पदवीदान त्यात येत नाहीत. काही शाळा त्यासाठी वेगळी पुरवणी काढतात, तर काही पुस्तकच उन्हाळ्यानंतर वाटतात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा वसंतातल्या खेळांची पाने रिकामी होती. मुलांनी घरून पाठवलेल्या फोटोंनी ती भरली, आणि पुस्तके अनेक ठिकाणी गाडीच्या खिडकीतून दिली गेली.

खर्च मुख्यतः प्रतींच्या आगाऊ विक्रीतून निघतो. सप्टेंबरात स्वस्त, वसंतात महाग. त्याला आधार जाहिरातींचा. गावातल्या दंतवैद्याची आणि पिझ्झावाल्याची जाहिरात आता कमी झाली असून पालकांनी मुलाच्या बाळपणीच्या फोटोसह विकत घेतलेली अभिनंदनाची पाने जास्त पैसे आणतात.

पुस्तकांच्या पेट्या आल्या की वर्ग आधी त्या मोजतो, मग वाटपाच्या दिवशी यादीप्रमाणे प्रती देतो, आणि मुले एकमेकांच्या पुस्तकांवर सह्या करत बसतात. पहिल्या तासाभरातच चुका सापडतात. मोठी चूक असेल तर दुरुस्तीची चिकटपट्टी छापून वाटतात, लहान असेल तर माफी मागून पुढे जातात. एक प्रत ग्रंथालयात जाते. एक परीक्षणासाठी कोलंबिया स्कोलॅस्टिक प्रेस असोसिएशनकडे किंवा नॅशनल स्कोलॅस्टिक प्रेस असोसिएशनकडे पाठवतात, आणि तिथून आलेले गुण व शेरे पुढच्या संपादकांना वाचायला मिळतात. उरलेल्या प्रती कपाटात जातात. अंतिम बिल ठरलेल्या प्रतींवर येते, विकलेल्या प्रतींवर नव्हे. त्यामुळे संख्येचा अंदाज फार चुकला असेल तर तो तोटा पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढतो.