औषधाला वाट करून देणारा ध्वनी

कर्करोगाशी चाललेल्या झुंजीत औषधे कमी पडतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. प्रयोगशाळेतील काचपात्रात कर्कपेशींचा नाश करणारी कित्येक औषधे रुग्णाच्या शरीरात निष्प्रभ ठरतात. कारण ती गाठीपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचतच नाहीत. शिरेतून दिलेले औषध रक्ताबरोबर सर्वांगात फिरते. त्याचा अल्पसा अंश गाठीच्या वाट्याला येतो आणि उरलेला आतडी, अस्थिमज्जा, हृदय अशा निरोगी भागांना त्रास देतो. मात्रा वाढवावी तर रुग्णाला सोसत नाही, कमी करावी तर रोग हटत नाही. या कोंडीतून मार्ग काढण्यासाठी शास्त्रज्ञ आज ज्या साधनाचा उपयोग करू पाहत आहेत, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. ते म्हणजे सोनोग्राफीतील श्राव्यातीत ध्वनी.

मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. ग्लासगो येथील डॉ. इयान डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली त्याच्या साहाय्याने घेतलेल्या गर्भाच्या व पोटातील गाठींच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या आणि वैद्यकाला शरीराच्या आत पाहणारा नवा डोळा लाभला. परंतु ध्वनिलहरी म्हणजे ऊर्जाही असते. भिंगाने सूर्यकिरण कागदावरील एका बिंदूत एकवटावेत, तद्वत या लहरी शरीरातील एखाद्या ठिकाणी एकवटता येतात. वाटेतील त्वचेला व स्नायूंना सहसा इजा होत नाही; परिणाम होतो तो मुख्यतः नेमक्या त्या जागी.

या ऊर्जेचा एक उपयोग उष्णतेसाठी होतो. औषध मेदाच्या अतिसूक्ष्म कुप्यांत भरून शिरेतून देतात. या कुप्या शरीराच्या नेहमीच्या तापमानात बंद राहतात, ३९.५ अंश सेल्सियसच्या वर मात्र त्या उघडतात. ध्वनीने केवळ गाठच किंचित तापवली, की औषध प्रामुख्याने तेथेच मोकळे होते. ऑक्सफर्ड येथे यकृतातील गाठी असलेल्या १० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ध्वनीच्या प्रयोगानंतर गाठीतील औषधाचे प्रमाण सरासरी ३.७ पट झाल्याचे त्यात आढळले.

दुसरी पद्धत याहून कुतूहलजनक आहे आणि तिचा खरा कस लागतो तो मेंदूत. १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा इतर अवयव रंगले, पण मेंदू कोरा राहिला. पुढे १९१३ मध्ये एडविन गोल्डमन यांनी तोच प्रयोग उलट बाजूने केला. त्यांनी रंग मेंदूभोवतालच्या द्रवात सोडला. मेंदू रंगला, पण उर्वरित शरीर कोरे राहिले. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये कडेकोट पहारा असल्याची खूण त्यातून पटली. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, की बहुतेक औषधांना त्यांच्यामधून शिरकाव मिळत नाही. निरोगी माणसाला हा पहारा विषापासून वाचवतो. मेंदूच्या कर्करोगात मात्र तोच रोगाची ढाल बनतो. ‘ग्लायोब्लास्टोमा’ या उग्र प्रकारात शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांनंतरही निम्म्याहून कमी रुग्ण दीड वर्षाच्या पुढे जगतात.

या पहाऱ्यातून वाट काढण्यासाठी वायूचे सूक्ष्म बुडबुडे कामी येतात. तांबड्या रक्तपेशीहूनही लहान असलेले, मेद किंवा प्रथिनाच्या पातळ कवचातील हे बुडबुडे शिरेतून सोडले जातात. ध्वनिलहरी पोहोचताच ते आकुंचन-प्रसरण पावू लागतात आणि केशवाहिनीच्या भिंतीला हलके हेलकावे देतात. पेशींमधील घट्ट सांधे काही काळ सैल होतात व औषध आत झिरपते. काही तासांनी सांधे पुन्हा जुळतात आणि बुडबुड्यांतील वायू श्वासावाटे निघून जातो. कुलेर्वो हिन्यनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली सशांवरील प्रयोगांत हे दाखवून दिले. त्यानंतर २०१५ मध्ये टोरोंटोच्या सनीब्रुक रुग्णालयात मेंदूची गाठ असलेल्या रुग्णावर, कवटी न उघडता, हा प्रयोग प्रथमच करण्यात आला.

कवटीचे हाड ध्वनीला बरेच अडवते. त्यावर दुसरा उपाय म्हणजे गाठ काढताना ध्वनी निर्माण करणारे छोटे उपकरण कवटीतच बसवणे. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात १७ रुग्णांवर केलेल्या अशा चाचणीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. ध्वनी पोहोचलेल्या भागात पॅक्लिटॅक्सेल या औषधाचे प्रमाण सुमारे चौपट झाले आणि उघडलेली वाट बहुतांशी पहिल्या तासाभरातच मिटली. त्यामुळे औषध नेमके केव्हा द्यावे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरला.

हे सारे आशादायक असले, तरी औषध गाठीत अधिक पोहोचणे आणि रुग्ण अधिक काळ जगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली सिद्ध झाली, म्हणून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही; त्यासाठी मोठ्या, तुलनात्मक चाचण्या लागतात. ध्वनीची तीव्रता मर्यादेबाहेर गेल्यास बुडबुडे जोराने फुटून रक्तस्राव होऊ शकतो, हा धोकाही ध्यानात ठेवावा लागतो.

घरात असा आजार शिरला, की माणूस कोणत्याही आशेमागे धावतो आणि आयुष्यभराची शिल्लक पणाला लावतो. अशा वेळी उपचार सुचवणाऱ्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत. हा मान्यताप्राप्त उपचार आहे की चाचणी? आणि चाचणी असल्यास तिची नोंद कोठे आहे? भारतात औषधचाचण्यांची नोंदणी २००९ पासून बंधनकारक आहे आणि ती नोंदवही इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. नोंद असणे म्हणजे गुण येण्याची हमी नव्हे. पण विचारपूस टाळणाऱ्यापासून सावध राहण्यास तेवढी माहिती पुरेशी ठरते.