वनात शिरण्यापूर्वी : माहिती केंद्रांचा परिचय

आपल्या सभासदांपैकी कित्येकांची मुले-मुली हल्ली अमेरिकेत स्थायिक झाली आहेत आणि वर्षा-दोन वर्षांनी आईवडिलांचा तिकडे फेरा होत असतो. परत आल्यावर पेढीच्या गादीवर जी वर्णने ऐकावयास मिळतात, त्यांत दऱ्या, डोंगर, उकळत्या पाण्याचे फवारे असे सर्व काही असते. परंतु त्या स्थळांच्या तोंडाशी जी एक बैठी इमारत असते व जीत पाऊण तास घालविल्याने पुढचा सारा प्रवास निर्धोक होतो, तिचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. तिला तिकडे ‘व्हिजिटर सेंटर’ म्हणतात. आपण माहिती केंद्र म्हणू. व्यापारी मनुष्य वानगी पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. मग त्याने अनोळखी अरण्यात मात्र चौकशीवाचून का शिरावे?

अमेरिकेत सुमारे ६४ कोटी एकर भूमी मध्यवर्ती सरकारच्या मालकीची आहे. देशाच्या एकंदर भूमीचा हा चौथ्या हिश्शाहून मोठा भाग झाला. नेवाडा राज्यात तर हे प्रमाण शेकडा ८० च्या घरात जाते. ही भूमी सर्व जनतेची मानली जाते. परंतु तिचा कारभार एका कचेरीकडे नाही. राष्ट्रीय उद्याने एका खात्याकडे, राष्ट्रीय वने दुसऱ्याकडे, माळरान व वाळवंट तिसऱ्याकडे, वन्य पशुपक्ष्यांची आश्रयस्थाने चौथ्याकडे. नियमही निरनिराळे. उद्यानातील दगड उचलून खिशात घालण्याचीसुद्धा मनाई. उलट शेजारच्या राष्ट्रीय वनात हंगामात परवाना घेऊन शिकार चालते. रस्त्याने जाताना ही हद्द केव्हा ओलांडली, हे नवख्यास कळत नाही. शरद ऋतूत आपल्या मंडळींनी रानवाटेने फिरावयास निघण्यापूर्वी तेथे बंदुका चालू आहेत काय, हे केंद्रात अवश्य विचारावे.

ही केंद्रे आजच्या स्वरूपात फार जुनी नाहीत. यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान १८७२ साली झाले व उद्यानांचे स्वतंत्र खाते १९१६ साली निघाले. पुढे काही ठिकाणी लहान वस्तुसंग्रहालये उघडली. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र घरोघर मोटारी आल्या आणि १९५५ पर्यंत वर्षाकाठी येणाऱ्यांची संख्या पाच कोटींच्या वर गेली. रस्ते, पाणी, शौचकूप, सारेच अपुरे पडू लागले. तेव्हा खात्याचे प्रमुख कॉनराड वर्थ यांनी १९५६ ते १९६६ अशी दहा वर्षांची योजना आखली. खात्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षावरून तिला ‘मिशन ६६’ हे नाव पडले. नकाशे, चौकशी, प्रदर्शन, व्याख्यान व विश्रांती यांची सोय एकाच छपराखाली असावी, ही कल्पना त्या योजनेतून रूढ झाली व अशी शंभराहून अधिक केंद्रे त्या काळात उभी राहिली.

केंद्रात शिरण्यास वेगळे शुल्क नसते. उद्यानाचे प्रवेशशुल्क ही निराळी बाब असून त्यात नुकताच मोठा फरक झाला आहे. २०२६ च्या जानेवारीपासून वार्षिक परवान्यास तेथील रहिवाशांकडून ८० डॉलर, तर परदेशी पाहुण्यांकडून २५० डॉलर घेतात. मुलाच्या परवान्यात आपला समावेश होतो किंवा कसे, हे निघण्यापूर्वी विचारून घेतलेले बरे.

यलोस्टोनच्या केंद्रात ‘ओल्ड फेथफुल’ या उष्णोदकाच्या फवाऱ्याची पुढची वेळ फळ्यावर लावलेली आढळते. मागचा उद्रेक थोडा वेळ टिकला असेल तर पुढचा सुमारे तासाभरात होतो, बराच वेळ टिकला असेल तर दीड तास लागतो, असा हा हिशेब आहे. दहा मिनिटे इकडे-तिकडे धरून तो बहुधा बरोबर येतो. बाजारभावाचे अंदाज इतके खरे ठरते, तर आम्हां धान्यवाल्यांची झोप सुखाची झाली असती! ग्रँड कॅन्यनच्या केंद्रातील इशारा अधिक गंभीर आहे. तेथे कड्यावरून नदी जवळजवळ ५,००० फूट खाली आहे. डोंगर चढणाऱ्यास दम आधी लागतो. येथे मात्र उतार आधी, सकाळच्या गारव्यात, आणि चढ नंतर, भर उन्हात. म्हणून एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नये, असे तेथील रेंजर बजावून सांगतात. नातवंडांसाठी एक पुस्तिका मिळते. ती भरून दिली की मुलांकडून वनरक्षणाची शपथ वदवून घेऊन त्यांस बिल्ला देतात.

परंतु आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो या केंद्रांतून सर्वत्र सांगितला जाणारा एक नियम: वन्य प्राण्यांस काहीही खाऊ घालू नये. जैन कुटुंबांतील माणसास हे प्रथम कठोर वाटेल. मुंग्यांस पीठ, पक्ष्यांस जोंधळा, पांजरपोळास चारा, ही आपल्या घरांतील जुनी रीत. मग भुकेल्या जीवापुढे हात आखडता घ्यावा, ही कसली दया?

याचे उत्तर यलोस्टोनच्याच इतिहासात आहे. तेथे पूर्वी प्रवासी मोटारीतून अस्वलांस खाऊ देत. उपाहारगृहांचा उष्टा कचरा एका ठिकाणी टाकीत व तो खाण्यास येणारी अस्वले पाहण्यासाठी लोकांना बाके मांडून दिली होती. परिणाम असा की, १९३१ ते १९६९ या काळात दर वर्षी सरासरी ४८ माणसे अस्वलांकडून जखमी होत. १९७० मध्ये कचऱ्याची शेवटची मोठी ठिकाणे बंद झाली. परंतु आयत्या अन्नावर वाढलेली अस्वले वस्तीत शिरू लागली आणि त्यांतील कित्येक मारावी लागली. हौसेने टाकलेल्या तुकड्याची किंमत त्या मुक्या जनावराने प्राण देऊन चुकविली! पुढे कडक नियम झाले आणि माणसांच्या जखमा वर्षाला एकाच्या आसपास आल्या.

आपल्या शास्त्रात अन्नपाननिरोध हा अहिंसाणुव्रताचा अतिचार सांगितला आहे, हे खरे. पण तो आपल्या आश्रयास बांधलेल्या जनावरांच्या बाबतीत. रानातला प्राणी आपला आश्रित नव्हे. त्याचे अन्न त्याला शोधता येते, आणि ते शोधण्याची त्याची सवय मोडणे हीच त्याची हानी. अस्वलापासून ३०० फूट व गव्यासारख्या बायसनपासून ७५ फूट दूर राहावे, असा तेथील नियम आहे. योसेमिटी उद्यानात रात्री मोटारीत अन्न ठेवण्यास मनाई आहे, कारण वासाने अस्वले दारे मोडतात. तेथे मुक्काम करणाऱ्यांनी दशम्या, भडंग व बेळगावी कुंद्याचा डबा लोखंडी पेटीत ठेवावा. अशा पेट्या तेथे बसविलेल्या आहेत.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे झाले. आपल्या बेळगावाहून अनमोडचा घाट उतरला की मोलेम लागते. तेथील २४० चौरस किलोमीटरच्या अरण्यास भगवान महावीर अभयारण्य असे नाव आहे व त्यातील १०७ चौरस किलोमीटर राष्ट्रीय उद्यान आहे. मोलेमला वनखात्याचे निसर्ग माहिती केंद्र आहे; परंतु आपल्या गाड्या त्यावरून भरधाव पणजीस जातात. दूधसागर याच अरण्यात आहे. तेथे कुळ्याहून जीपने जावे लागते व पावसाळ्यात ती वाहतूक बंद असते. २०२३ च्या पावसाळ्यात तर गोव्यातील अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास वनखात्याने मनाई केली होती. धबधब्यापाशी माकडे प्रवाशांच्या हातांतील केळी हिसकावून घेतात. ही सवय त्यांस प्रवाशांनीच लाविली.

आपल्या संघाच्या सहलीची आखणी करणाऱ्या मंडळींनी यंदा मोलेमला पाऊण तास राखून ठेवावा, केंद्र उघडण्याची वेळ आगाऊ विचारून घ्यावी आणि फराळाचे डबे बसमध्येच बंद ठेवून मग पुढे निघावे.