गुणपत्रिकेंत न मावणारें कर्तृत्व

निरनिराळ्या भाषांचीं नि चालीरीतींचीं मुलें एका वर्गांत बसलीं, म्हणजे त्यांची पारख कोणत्या मापानें करावी, हा प्रश्न शिक्षकाला चुकत नाहीं. जवाहर नवोदय विद्यालयांचेंच उदाहरण घ्या. १९८५-८६ सालीं झज्जर व अमरावती येथें अशीं पहिलीं दोन विद्यालयें निघालीं. नववीचीं शेंकडा ३० मुलें हिंदी प्रदेशांतून अहिंदी प्रदेशांत, आणि तिकडचीं इकडे, वर्षभर पाठवावयाचीं, अशी या योजनेंत तरतूद आहे.

असा एखादा मुलगा त्या वर्षीं दहा गुणांनीं मागें पडला, तर तो खालावला म्हणावें काय? उत्तर चुकलें कीं प्रश्नच उमगला नाहीं, हें तोंडी विचारून पाहिल्यावांचून निकाल देऊं नये.

नेतृत्वाची पारख याहून अवघड. मोठ्यानें बोलणारा तो पुढारी, असा आपला समज. आमच्या पिढीचा तर विशेषच! परभाषेंत अडखळणारा मुलगा गप्प बसतो. मतें घेतलीं तर बहुसंख्यांच्या भाषेचाच उमेदवार निवडून येण्याचा संभव अधिक. म्हणून भोजनगृहाची व्यवस्था, खेळाची तुकडी, आजाऱ्याची शुश्रूषा हीं कामें पाळीपाळीनें सोंपवावीं, आणि कोणाच्या शब्दासरशीं दोन्ही भाषांचीं मुलें कामाला लागतात तें पाहावें.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें २००९ सालीं सातत्यपूर्ण मूल्यमापन आणून असल्या गुणांनाही श्रेणी दिली. २०१७ सालीं ती पद्धत मोडली. श्रेणीचें अक्षर लिहिणें सोपें; त्यामागें तारीखवार नोंद हवी. ती दोघां शिक्षकांनीं स्वतंत्रपणें करावी, त्यांतील एक मुलाची भाषा जाणणारा असावा, आणि मग दोन्ही वह्या ताडून पाहाव्या.