आधी पाय, मग चेहरा

बीड जिल्ह्यातील धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरावर चालुक्यकालीन कलाकारांनी सुरसुंदरी, म्हणजे देखण्या स्त्रियांच्या मूर्ती, कोरल्या. अशा शिल्पांपुढे उभे राहिले की दगडात जीव आहे असे वाटते, आणि त्याचे कारण चेहऱ्यापेक्षा पायात सापडते. अंगाचा भार एका पायावर पडलेला असतो, त्या बाजूची कंबर बाहेर आलेली असते आणि खांदे उलट कलून तोल सावरतात. संगणकावर किंवा मोबाइलवर खेळांचे गेम बनवणाऱ्यांना हेच गणित सोडवावे लागते. जाहिरातीत मात्र कपाळावरचा घाम आणि जर्सीच्या सुरकुत्या दाखवल्या जातात. पडद्यावरचा खेळाडू खरा वाटायचा असेल तर आधी त्याच्या अंगाला वजन हवे. चित्राची झळाळी त्यानंतरची.

वजन म्हणजे काय, हे याच जिल्ह्यातल्या एका धावपटूच्या शर्यतीवरून समजते. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे ३,००० मीटर स्टीपलचेस धावतो. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्याने रौप्यपदक मिळवले. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्याच्या ७ उड्या असतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर. पाण्याच्या उडीला बहुतेक धावपटू अडथळ्यावर पाऊल टेकवून पुढे झेपावतात, एक पाय उथळ पाण्यात पडतो, गुडघा तो धक्का झेलतो आणि पुढच्याच पावलाला पुन्हा वेग धरावा लागतो. शेवटच्या फेरीत तीच उडी जड होते, कारण पाय थकलेले असतात. गेममध्ये पहिली आणि सातवी उडी हुबेहूब सारखी दिसली, तर चेहरा कितीही जुळवा, तो साबळे वाटणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मोशन कॅप्चर आहे की! खऱ्या खेळाडूच्या अंगावर सेन्सर बसवायचे, हालचाल टिपायची आणि पडद्यावरच्या बाहुल्याला द्यायची. ‘फिफा २२’ या फुटबॉल गेमसाठी तर २२ फुटबॉलपटूंना सेन्सर लावलेले पोशाख घालून पूर्ण सामना खेळवला गेला. तंत्र मोलाचे आहे, पण खरी अडचण टिपलेल्या दोन हालचालींच्या सांध्यात आहे. धावता खेळाडू एकदम उलट वळतो तेव्हा तो पाय रोवतो, वेग मोडतो आणि मग फिरतो. गेम खेळणाऱ्याला मात्र बटण दाबताच खेळाडू वळायला हवा. संपूर्ण हालचाल दाखवली तर गेम सुस्त वाटतो. मधला भाग कापला तर पाय जमिनीवरून घसरल्यासारखे दिसतात. या दोन्हींचा मेळ घालणे, हीच गेम बनवणाऱ्यांची खरी कसोटी.

दुसरा आक्षेप अधिक रोकडा आहे: लोक चित्र बघूनच गेम घेतात, आवडता खेळाडू ओळखू यायला हवा. हे खरे आहे. पण चित्र गिऱ्हाईक आणते; त्याला टिकवते ती हाताला लागणारी पकड. २००६ साली आलेला ‘क्रिकेट ०७’ आज दिसायला जुनाट आहे, त्यातल्या हालचालीही ओबडधोबड आहेत. तरीही भारतातल्या चाहत्यांनी त्यात नवे संघ आणि नव्या जर्सी घालत तो वर्षानुवर्षे जिवंत ठेवला. साध्या संगणकावर तो चालतो, हे एक कारण. बॅट आणि चेंडू यांची वेळ नेमकी साधण्यातली मजा, हे दुसरे. याउलट २०२१ मध्ये ‘ई-फुटबॉल’ नव्या रूपात आला, तेव्हा विचित्र चेहरे आणि विस्कटलेल्या हालचाली यांची इतकी थट्टा झाली की कोनामी कंपनीला माफी मागावी लागली.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी जवळचा आहे. ‘रिअल क्रिकेट’सारखी मालिका महाराष्ट्रात घडली आणि ती खेळली जाते मोबाइलवर. मोबाइलची ताकद आणि बॅटरी मर्यादित असते. प्रेक्षकांतला प्रत्येक चेहरा रंगवायचा की गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजवर नीट रोवायचा, यात निवड करावीच लागते. ती पायाच्या बाजूने व्हावी. तुम्हीही नवा गेम घेण्याआधी त्याची चित्रफीत पाहाल, तेव्हा चेहऱ्यांवरून नजर काढून दोन मिनिटे फक्त खेळाडूंचे पाय पाहा. पाय घसरत असतील, तर पैसे खिशातच राहू द्या.