ओहोटीची रुंदी

कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर कालवे काढण्याचे काम घड्याळापेक्षा तिथीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण येते. त्या दिवसांत पाणी जितके वर चढते तितकेच खाली उतरते आणि एरवी बुडालेला खडक उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फारसे चढत नाही आणि उतरतही नाही, म्हणून खालच्या खडकावरचे काम थांबते. भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते, त्यामुळे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, असा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. पौर्णिमेची तिथी १५, तिची पाऊणपट सव्वाअकरा. मुंबईच्या किनाऱ्याला तो बऱ्यापैकी लागू पडतो. पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास भरती पूर्ण होते आणि सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी. त्या ओहोटीच्या मागचे-पुढचे दोन-तीन तास हातात असतात. तेवढ्यात मिळेल ते काढायचे आणि पाणी वळले की परतायचे. हे काम बहुतांशी बायका करतात. त्याला होडी लागत नाही, जाळे लागत नाही, डिझेल लागत नाही. एक टोकदार लोखंडी हत्यार, एक भांडे आणि कोणत्या खडकावर काय मिळते याची माहिती, एवढ्यावर ते चालते. ही माहिती नीट समजून घेतली तर भरती-ओहोटीमधला पट्टा रिकामा नाही हे कळतेच, पण त्या पट्ट्यातले सारे जीवन त्याच्या रुंदीवर उभे आहे हेही कळते. आणि आज आपण भराव आणि भिंती घालून नेमकी ती रुंदीच काढून घेत आहोत, असे माझे म्हणणे आहे.

आधी काम कसे होते ते पाहू. खडकावरच्या कालवाची डावी शिंप खडकाला कायमची चिकटलेली असते आणि खडकाच्या उंचसखलपणाप्रमाणे वेडीवाकडी वाढते. उजवी शिंप वर, झाकणाच्या जागी. हत्याराचे टोक या झाकणाच्या कडेवर नेमके मारून ते उचकटायचे, आतला मऊ गर भांड्यात घ्यायचा आणि पुढच्या कालवाकडे वळायचे. घाव चुकला तर गर फाटतो किंवा त्यात शिंपेचे कण जातात, आणि मग ते कालव वाट्यावर विकायच्या कामाचे राहत नाही. अख्खे कालव खडकावरून उपटण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. त्याला वेळ फार जातो आणि नुसत्या शिंपांचे ओझे घरापर्यंत वाहावे लागते. म्हणून खालची शिंप जागच्या जागी राहते, आणि इथे या कामाचा कालवांच्या जीवनक्रमाशी मेळ बसतो. कालवे आपली अंडी आणि शुक्रजंतू पाण्यात सोडतात. त्यातून तयार झालेल्या सूक्ष्म अळ्या दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर तरंगतात आणि मग बसायला कठीण जागा शोधतात. एकदा बसलेले कालव जन्मभर तिथून हलत नाही, त्यामुळे जागेची ही निवड त्याच्या आयुष्यातली सर्वात मोठी निवड असते. जिथे आपल्या जातीची कालवे आहेत किंवा होती, अशा जागेकडे या अळ्यांचा ओढा असतो. गर काढून घेतलेली खालची शिंप म्हणजे पुढच्या पिढीसाठी तयार जागा. कोणी हे ठरवून केलेले नाही, हाताचे श्रम वाचवण्यातून ती पद्धत पडली आहे. परिणाम मात्र खरा आहे.

काढणारीला खडकाचे थर ठाऊक असतात. सर्वात वर, जिथे फक्त उधाणाचे पाणी किंवा लाटांचे तुषार पोहोचतात, तिथे बारीक शंखांच्या गोगलगायी फटींतून गोळा होऊन बसलेल्या असतात. त्याखाली बार्नॅकलचा खरखरीत थर, त्याखाली कालवांचा पट्टा, आणि त्याच्याही खाली शेवाळे, स्पंज, समुद्रफुले. खडकात पाणी साचून राहणाऱ्या खळग्यांत खेकडे, माकूळ-ऑक्टोपसची पिल्ले, क्वचित प्रवाळही. हे थर असे का पडतात याचे एक उत्तम उत्तर १९६१ मध्ये जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडमधल्या मिलपोर्टच्या किनाऱ्यावर केलेल्या प्रयोगातून मिळाले. बार्नॅकलच्या दोन जातींपैकी वर राहणारी जात खालीही जगू शकते, पण खालची दांडगी जात तिला दाबून, उचकटून बाहेर काढते. खालच्या जातीला मात्र वरचे ऊन आणि कोरडेपणा सोसत नाही. थोडक्यात, प्रत्येक थराची वरची हद्द बहुधा ऊन ठरवते आणि खालची हद्द शेजारी किंवा शिकारी. आपल्याकडेही कालवांच्या शिंपेला भोक पाडून आतला गर खाणाऱ्या शिकारी गोगलगायी आहेत. त्या खालच्या, ओलसर भागात जास्त वेळ वावरू शकतात.

मुंबईच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिसळते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. वरच्या हिशेबाप्रमाणे उधाणाची खोल ओहोटी इथे सकाळी आणि संध्याकाळी येते, तर दुपारच्या बाराची ओहोटी येते ती अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, जेव्हा पाणी फार खाली जात नाही. म्हणजे सर्वात खालचा थर उघडा पडतो तो कोवळ्या किंवा उतरत्या उन्हात. वैशाखातल्या दुपारी तापलेल्या काळ्या खडकाचा चटका बसतो तो प्रामुख्याने वरच्या थरांना, ज्यांच्यात तो सोसण्याची ताकद आहे. स्पंज किंवा समुद्रफुलासारखे मऊ अंगाचे जीव या उष्ण प्रदेशातल्या खडकावर टिकतात, त्यामागे हे वेळापत्रकही आहे. एखादा जीव कोणत्या उंचीवर आहे यात वीतभराचा फरक पडला तरी त्याच्या वाट्याला येणारे ऊन बदलते, भरतीबरोबर अन्न मिळण्याचे तास बदलतात आणि त्याला खाणारेही बदलतात.

म्हणून रुंदीचा प्रश्न. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या वर फरक पडतो. समजा, हा चार मीटरचा चढ २०० मीटर रुंद, जवळपास सपाट खडकावर पसरलेला आहे. किनाऱ्याच्या दर मीटर लांबीमागे २०० चौरस मीटर वस्ती झाली. त्याच जागी समुद्रात पुढे सरकून उभी भिंत बांधली, तर तेच चार मीटर उभे राहतात आणि दर मीटरमागे वस्ती उरते चार चौरस मीटर. पन्नासातला एक हिस्सा. शिवाय जो थर पूर्वी ३०-४० पावले रुंद होता तो हातभर होतो, आणि पाणी धरणारे खळगे तर नाहीसेच होतात. यावर उत्तर दिले जाते की भिंतीवर आणि काँक्रीटच्या टेट्रापॉडवरही कालवे, बार्नॅकल बसतातच की. बसतात, हे खरे आहे. टेट्रापॉडच्या ढिगात सपाट भिंतीपेक्षा पृष्ठभाग आणि सांदी-कोपरे जास्त असतात, हेही मान्य. पण तिथे टिकतात ते मुख्यतः चिवट, कुठेही बसणारे जीव. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बंदरात संशोधकांनी मुद्दाम समुद्रभिंतींवर पाणी धरून ठेवणाऱ्या कुंड्या बसवून पाहिल्या आणि त्यांच्यामुळे तिथल्या जातींची संख्या वाढली. या प्रयोगाचा आधार घेऊन, भिंत सुधारता येते मग चिंता कशाला, असे म्हणता येईल. मला त्यातून उलट दिसते. नैसर्गिक खडक जे आपसूक देतो त्यातला एक छोटा भाग परत मिळवायला कुंडी-कुंडीने मेहनत करावी लागते. आणि टेट्रापॉडवर कालवे कितीही बसली तरी त्या घसरड्या, पोकळ ढिगावर उतरून ती कोणाला काढता येत नाहीत.

मुंबईच्या किनारी रस्त्याच्या निमित्ताने हा प्रश्न न्यायालयात गेला होता. वरळीच्या मच्छीमारांसह अनेकांच्या याचिकांवर जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारा नियमन मंजुरी रद्द केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुढे गेले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ येत असल्याने वरळी आणि हाजी अली इथल्या प्रवाळांच्या वसाहती २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी दुसरीकडे हलवल्या. हे काम काळजीपूर्वक झाले आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण कायद्याची नजर कुठे पडते ते यातून दिसते. ज्या जातीचे नाव अनुसूचीत आहे ती उचलून नेली जाते. ती ज्या खळग्यात होती तो खळगा आणि तिच्या आजूबाजूचे स्पंज, कृमी, शेवाळे, कालवे यांना असे नाव नाही. खरे तर किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) नियमांत भरतीरेषा आणि ओहोटीरेषा यांच्यामधल्या पट्ट्याला स्वतंत्र वर्ग आहे, १-ब. म्हणजे जागेला नाव आहे, तिथे काय आहे याची यादी नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. माणसांनी खडकावर चालून, दगड उलटून, जीव काढून काय थोडे नुकसान होते? होते. उलटलेला दगड तसाच टाकला तर त्याच्या ओल्या पोटाला चिकटलेले सगळे उन्हात मरते आणि पाठीवरचे शेवाळ अंधारात कुजते. खालची शिंप राहते म्हणून कालवांची वाढ अमर्याद उपसा सोसेल असेही नाही. त्यावरचा उपाय मात्र काम बंद पाडण्यात नाही, त्याला मासेमारी म्हणून मान देऊन नियम घालण्यात आहे, आणि याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. केरळच्या अष्टमुडी तलावात शिंपल्यांचे उत्पादन १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला घसरले. शिंपल्यांची ही जात आपल्याकडे तिसऱ्या म्हणून विकली जाते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या सल्ल्याने डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननकाळात बंदी आली, जाळ्याच्या आसाचे किमान माप ठरले, यंत्राने उपसा करायला मनाई झाली. २०१४ मध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले, भारतात पहिले. आधी ती मासेमारी म्हणून मोजली गेली, म्हणूनच ती सावरता आली.

राहिला सांडपाण्याचा मुद्दा, आणि तो टाळण्यासारखा नाही. कालवे पाणी गाळून अन्न मिळवतात, त्यामुळे पाण्यातले जंतू आणि जड धातूही त्यांच्या अंगात साठतात. शहराच्या नाल्यांच्या तोंडाशी काढलेली कालवे खाणे धोक्याचे आहे आणि हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण यावरून किनाराच निकामी झाला असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये याच गुणधर्माचा उपयोग सुचवला होता. जागच्या जागी राहून पाणी गाळणाऱ्या शिंपल्यांच्या शरीरात काय साठले ते तपासत राहिले की त्या पाण्याची खबर मिळते. जगात अनेक ठिकाणी तशी निरीक्षणे चालतात. आपल्या खडकावर ही तपासणीची साधने मुबलक बसलेली आहेत. ती सांगत असलेला दोष सांडपाण्याचा आहे, आणि खडक बुजवून तो दूर होत नाही.

मग करायचे काय, तर आधी नोंद. किनाऱ्यावरच्या कोणत्याही बांधकामाआधीचे सर्वेक्षण उधाणाच्या ओहोटीत व्हावे, आणि पावसाळ्याआधी व नंतर असे दोनदा व्हावे. भांगाच्या दिवशी केलेल्या पाहणीत किनाऱ्याचा सर्वात खालचा भाग दिसतच नाही. खर्च फार येतो ही सबबही टिकत नाही. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या गटातली माणसे ओहोटीला किनारे फिरून, छायाचित्रे घेऊन शहरातल्या समुद्रजीवांची नोंद ठेवत आली आहेत. सर्वेक्षणाच्या नोंदीत जीवांच्या थरांसोबत कोणत्या खडकावर कोण, कोणत्या महिन्यांत, काय काढते हेही यायला हवे. मासळीची आकडेवारी मुख्यतः बंदरावर उतरणाऱ्या मालावरून बनते. खडकावरून थेट बाजारात किंवा घरच्या चुलीवर गेलेली कालवे तिच्यात सहज निसटतात. प्रकल्पाच्या भरपाईची वेळ आली की होडीवाल्याकडे होडीची नोंदणी असते, परवाना असतो. कालवे काढणाऱ्या बाईकडे दाखवायला यातला एकही कागद नसतो, आणि तिचा खडक भरावाखाली गेल्यावर तो तिथे होता हे दाखवण्याचा मार्गही उरत नाही.